‘गुप्त शत्रू’ की ‘छुपे वैरी’? उपास-प्रार्थनेचं पत्रक

पत्रकवाली: तीन दिवसांच्या उपास-प्रार्थनेचं इंग्रजी पत्रक मराठीत आणायचंय. वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 6, हेतू लपलेल्या शत्रूंवर विजय. मी ‘गुप्त शत्रू’ लिहिलं. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, ‘छुपे वैरी’ लिहा.

नगरी: दोन्ही नकोत. ‘गुप्त शत्रू’ वाचलं की लोक भाऊबंदांत माणूस शोधायला लागतात आणि गोष्ट ‘करणी कुणी केली’ इथवर जाते. अमक्याने करणी केली असं नाव घेऊन पसरवलं तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. बायबलातल्या इफिसकरांस 6:12 प्रमाणे आपला झगडा रक्तमांसाशी नाहीच. ‘अंधारातल्या सत्ता’ लिहा. प्रार्थनेत कुणाचं नाव घेऊ नये, अशी ओळही घाला.

शब्दप्रेमी: स्तोत्र 64 मध्ये लपून बाण मारणारी माणसंच आहेत की! एस्तेरच्या गोष्टीतला यहुद्यांचा वैरी हामानही माणूसच. ती पुसली तर निम्मी स्तोत्रं कापावी लागतील.

नगरी: स्तोत्रकर्ता गाऱ्हाणं देवापुढे मांडतो, शेजाऱ्याच्या दारात नाही. मत्तय 5:44, ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’, त्याच पानावर छापा.

वसईकर: मला ‘उपास’ खटकतो. शुद्ध शब्द उपवास. उप म्हणजे जवळ, देवाजवळ वास.

नगरी: ती फोड संस्कृतातली. मराठी बायबलात मत्तय 6:16 ला ‘उपास’च आहे. ‘उपवास’ छापा, पहिला प्रश्न येईल, साबुदाणा चालतो का? आपल्या ख्रिस्ती लोकांत चालणाऱ्या पदार्थांची यादीच नसते, म्हणून उपास कोणता ते स्पष्ट लिहावं लागतं. एस्तेरचा (4:16) तीन दिवस-रात्र अन्नपाण्यावाचून. दानीएलचा (10:3) तीन आठवडे, पण फक्त मिष्टान्न, मांस आणि द्राक्षारस वर्ज्य. पत्रकात एस्तेरचं वचन आणि खाली 6 ते 6 ची वेळ असली की लोक पाणीसुद्धा सोडतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चक्कर येऊन पडतात.

वसईकर: कॅथलिकांत उपास म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं, वय 18 ते 59. तो राखेच्या बुधवारी (उपासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेला. मांस वर्ज्य करणं वेगळं, ते वयाच्या 14 पासून.

परिचारिका: शब्द कुठलाही घ्या, ‘पाणी पीत राहा’ ठळक छापा. चहाची सवय असलेल्यांनी तो दोन-तीन दिवस आधीपासून कमी करावा. पहिल्या दिवशीचं डोकं बहुतेक वेळा भुकेनं नाही, चहा तुटल्यानं दुखतं. सोडताना पेज किंवा मऊ भात, थोडाच. बिर्याणीनं सोडला की पोट बिघडलंच. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे आणि गरोदर बायका यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. प्रार्थनेला जरूर बसावं.

पत्रकवाली: पाण्याची आणि औषधांची ओळ घातली. शीर्षक अजून अडलंय.

शब्दप्रेमी: ‘दबा धरून बसलेले वैरी’ घ्या. 1 पेत्र 5:8 मधला सिंह, म्हणजे सैतान, आहेच.

वसईकर: तो तर गर्जत फिरतो. दबा कुठं धरतो?

शब्दप्रेमी: स्तोत्र 10:9 मधला धरतो.

नगरी: तिथंही तो दुष्ट माणूसच आहे. परत भाऊबंदच आले.