मदत हवी आहे: सापडलेल्या लॅब्राडोरच्या अंगात मायक्रोचिप निघाली, नंबरवरून मालक कसा शोधायचा? (नागपूर)

शेवग्याचीशेंग:
नमस्कार मंडळी. मी वर्धमान नगरला राहते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भंडारा रोडवर, पारडीच्या बाजूला, एक पिवळसर लॅब्राडोर दुभाजकाला चिकटून थरथरत बसलेला दिसला. नर आहे, वयाने मोठा, तोंडावर पांढरे केस. गळ्यात पट्टा नाही. फटाक्यांना घाबरून पळालेला असणार. घरी आणला. नखं कापलेली, अंगावर एक गोचीड नाही, 'बैठ' म्हटलं की लगेच बसतो. कोणाचा तरी लाडाचा आहे हे नक्की. (हिंदी समजते यावरून काही ठरवू नका, आपल्याकडे अस्सल मराठी घरातही कुत्र्याशी हिंदीतच बोलतात.)

पहिल्या दवाखान्यात मानेवरून चिप वाचायचं यंत्र (रीडर) फिरवलं, काहीच आलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी मान, पाठ, दोन्ही खांदे असं सावकाश फिरवलं, तेव्हा डाव्या कोपराच्या थोडं वर बीप वाजला! स्क्रीनवर 15 अंकी नंबर, सुरुवात 9 ने. आम्हाला वाटलं, आता मालकाचं नाव आणि फोन येईल. डॉक्टर म्हणाले, "ताई, चिपमधून एवढंच येते. पुढची माहिती कोणी कुठे लिहून ठेवली असेल तर."

आता हे "कुठे" कसं शोधायचं? आजूबाजूच्या डॉक्टरांना विचारून झालं, पारडी-कळमन्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून झाले. एका गृहस्थांचा फोन आला, "आमचाच टायगर आहे, संध्याकाळी न्यायला येतो." पोटाजवळ काही खूण आहे का विचारलं तर म्हणे, "कुत्र्याच्या पोटाकडे कोण पाहते?" खूण चांगली ठळक आहे. मी दिला नाही. चिपचा नंबर इथे टाकला तर चालेल का? आई त्याला दूध-पोळी घालून पार बिघडवून राहिली आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.

तर्रीपोहे:
चिपमध्ये जीपीएस असते ना? मालकाच्या मोबाइलवर दिसतच असेल तो कुठे आहे ते. येईलच तो.

पुडाचीवडी:
तर्रीपोहे भाऊ, नाही हो. हा गैरसमज इतका पसरला आहे की लोक चिप बसवून निर्धास्त होतात आणि पट्ट्यावर फोन नंबर लिहीत नाहीत. ती तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण 12 मिलिमीटरची काचेची नळी असते. आत बॅटरी नाही. रीडर काही सेंटिमीटरवर आला की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि नंबर सांगते. बस.

ताई, पहिल्या दवाखान्यात न दिसण्याचं कारण बहुतेक जागा. चिप दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली टोचतात, पण वर्षानुवर्षांत ती खाली सरकू शकते. रीडर जुना असेल तर तेही कारण असू शकते: 15 अंकी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाची) चिप 134.2 किलोहर्ट्झवर चालते आणि फक्त 125 वाचणाऱ्या रीडरला ती दिसतच नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिले तीन आकडे पाहा. 356 असते तर भारताचा कोड. 900 ते 998 मधले असतील तर तो देश नाही, चिप बनवणाऱ्या कंपनीचा कोड आहे. तुमचा तोच दिसतो. कंपनीला मेल करा, ती भारतातला वितरक सांगेल, आणि वितरकाकडे कोणती पेटी कोणत्या डॉक्टरला किंवा दुकानाला गेली याची नोंद असण्याची शक्यता असते. वाट लांबची आहे, पण आपल्याकडे पाळीव कुत्र्यांची देशभराची एकच अशी यादीच नाही. गायी-म्हशींच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर सरकारी यादीत सापडतो, आणि घरातल्या लाडोबाचा नाही! लॅब्राडोर आहे म्हणून चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियालाही विचारा, वंशावळीचे कागद असलेल्या कुत्र्यांचे चिप नंबर त्यांच्याकडे असतात. कोणी परदेशातून आणला असेल तर युरोपेटनेटवर (युरोपातल्या चिपच्या याद्यांत शोधणारं संकेतस्थळ) नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

कन्हान:
नंबर इथे मुळीच टाकू नका. तोच तर तुमचा पुरावा आहे. जो म्हणेल "माझा", त्याने नंबर सांगायचा. खऱ्या मालकाकडे लसीकरणाच्या कार्डावर बहुधा बारकोडचं स्टिकर असेल, चिपच्या पाकिटात ती स्टिकरं येतात. टायगरवाल्यांना कार्ड घेऊन या म्हणा, बघा येतात का.

दुसरं, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोचपावती घ्या. सापडलेली वस्तू मालकाचा शोध न घेता ठेवून घेतली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314 लागू शकते आणि कायद्याच्या नजरेत कुत्रा मालमत्ताच आहे. तुम्ही शोध घेत आहात हे कागदावर असू द्या. महापालिकेत पाळीव कुत्र्यांचा परवाना असतो, तिथे चौकशी करा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यातही फोटो लावा, बाहेरगावचेही लोक तिथे जनावरं आणतात.

आणि रेबीजची लस? आधीची माहिती नाही म्हणजे दिली नाही असं धरून डॉक्टरांना विचारा. घरात कोणाला चावला, ओरखडला तर साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवून लगेच दवाखाना.

शेवग्याचीशेंग:
सगळ्यांचे आभार. लस दिली, पोलिसांकडे अर्ज दिला. तिथल्या हवालदार साहेबांनी आधी "कुत्र्याचा अर्ज?" म्हणून माझ्याकडे पाहिलं, मग शिक्का मारून दिला. टायगरवाले कार्ड म्हटल्यावर गप्प झाले, पुन्हा फोन नाही. केनेल क्लबला लिहिलं आहे, उत्तर यायचं आहे.

मोठी बातमी वितरकाची. कंपनीने पत्ता दिला, वितरकाने नंबर तपासला आणि म्हणाला की ती पेटी काही वर्षांपूर्वी रायपूरच्या एका विक्रेत्याला गेली होती. पण त्या विक्रेत्याचा फोन आता बंद लागतो. म्हणजे कुटुंब तिकडून नागपूरला बदलून आलं असेल, नाहीतर दिवाळीत पाहुणे म्हणून आलेले असतील आणि कुत्रा इथे सुटला असेल. तसं असेल तर ते बिचारे आता रायपूरला परत गेले असतील आणि आमचे पारडीचे ग्रुप त्यांना दिसायचेच नाहीत.

तेव्हा आता नवा प्रश्न: रायपूर, दुर्ग, भिलाईकडे कोणाचे नातेवाईक आहेत का? तिथल्या श्वानप्रेमींच्या ग्रुपवर आणि डॉक्टरांकडे फोटो पोचवायचा आहे. हिंदीत मजकूर लिहून ठेवला आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लगेच पाठवते. त्यात पोटावरची खूण आणि नंबर मुद्दाम टाकलेले नाहीत.