मदत हवी आहे: हुसर्लचं ई ३ ५ हस्तलिखित कुठे मिळेल?

धूळपाटी: प्रबंधाचं प्रकरण अडलंय, गाईडना पुढच्या आठवड्यात द्यायचंय. ई ३ ५ (जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लच्या एका हस्तलिखिताचा संग्रहातला नंबर) कुठेच सापडत नाहीये. पिट्सबर्गच्या ड्यूकेन युनिव्हर्सिटीत फिनॉमिनॉलॉजीचं (हुसर्लने सुरू केलेली, अनुभवाचा विचार करणारी तत्त्वज्ञानाची शाखा) सिल्व्हरमन सेंटर आहे ना, तिथून स्कॅन मिळेल का? प्लीज लवकर सांगा.

कंदील: मूळ कागद पाहिजे की ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे नेहमीच्या लिपीत उतरवलेली प्रत? विषय काय? जर्मन येतं का? हुसर्लने साधारण ४०,००० पानं गाबेल्सबर्गर नावाच्या जुन्या जर्मन लघुलिपीत लिहिलीत, मूळ पान हातात आलं तरी जर्मन येणाऱ्यालाही एक ओळ लागायची नाही.

पानवेडी: पिट्सबर्ग कशाला, थेट बेल्जियममधलं लूवेन गाठा, हुसर्लचे मूळ कागद तिथल्या संग्रहात आहेत. १९३८ मध्ये हुसर्ल वारला, जन्माने ज्यू, कागद नाझींच्या हाती लागले असते, तेव्हा व्हान ब्रेडा नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने ते फ्रायबुर्गहून बेल्जियमला हलवले. हुसर्लची स्वतःची पुस्तकंही तिथेच आहेत, त्याने खुणा केलेली. फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँटी १९३९ मध्येच तिथे जाऊन वाचून आला.

कंदील: इतिहास ठीक आहे हो, पण त्यांना आठवड्यात पाहिजे. ट्रान्सक्रिप्शनच्या प्रती कोलोन, फ्रायबुर्ग, पॅरिसलाही आहेत.

पानवेडी: प्रती आहेत, पण शंका आली की शेवटी मूळ कागदाकडेच यावं लागतं.

नवी_पायरी: माझा अनुभव सांगते, हुसर्लपासून सुरुवात करूच नका, आधी मर्लो-पाँटी वाचा, मग हुसर्ल आपोआप उलगडतो.

धूळपाटी: सुरुवात नाही करायचीये, चौथं वर्ष चालू आहे. जर्मन येतं. विषय सहजप्रेरणा आणि पिढ्यांचं नातं. ट्रान्सक्रिप्शन चालेल.

समास: अहो मग ते छापलंय की! हुसर्लियाना (हुसर्लच्या समग्र लेखनाची मालिका) खंड १५, इसो केर्नने संपादित केलेला, १९७३. मजकूर क्रमांक ३४, जेमतेम चार-पाच पानं. कुठला मजकूर कुठल्या हस्तलिखितातला, ते खंडाच्या शेवटी दिलेलं असतं, हस्तलिखित मागायच्या आधी तिथे बघत जा. सिल्व्हरमन सेंटर १९८० पासूनचं आहे, संग्रह खरंच मोठा, पण या कामाला तिथवर जायची गरज नाही.

धूळपाटी: सापडलं!! पान ५९३. खंड आमच्याच लायब्ररीत होता. मी ज्यातून संदर्भ घेतला तो लेख साठच्या दशकातला, तेव्हा खंड निघालाच नव्हता, म्हणून त्यात नुसता हस्तलिखिताचा नंबर. आता हुसर्लच्या हस्तलिखितांच्या सी गटातले असेच तीन नंबर उरलेत, काळावरचे.

समास: ते हुसर्लियानाच्याच मटेरियालियन या जोडमालिकेत बघा, खंड ८, २००६. नंबर टाका इथे.