रेकॉर्डिंगला भारी प्रोसेसर नको
टीव्ही रेकॉर्डिंगच्या पीसीला आय सेव्हन, म्हणजे इंटेलचा महागडा प्रोसेसर, घेऊ का असं विचारलंय तुम्ही, तर अजिबात नको, पैसे वाचवा. डीव्हीबी कार्ड, म्हणजे पीसीत बसणारं टीव्ही सिग्नल पकडायचं ट्यूनर कार्ड, चॅनलचा डिजिटल स्ट्रीम जसा येतो तसाच डिस्कवर लिहितं, प्रोसेसरला काम असं पडतच नाही, सेकंदाला ३ मेगाबिटचा चॅनल धरला तर तासाला साधारण १.३५ जीबी जागा जाते बस. मी जुन्या ड्युअल कोरवर लिनक्स आणि टीव्हीहेडएंड हे टीव्ही रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलंय, छतावर दूरदर्शनच्या मोफत डीटीएचची, फ्री डिशची छत्री आहे, आईच्या सह्याद्रीवरच्या बातम्या रोज आपोआप रेकॉर्ड होतात. ट्यूनर मात्र एस२ वालाच घ्या, म्हणजे सॅटेलाइटचं नवं डीव्हीबी-एस२ सिग्नल पकडणारा, आणि एकाच ट्रान्सपॉन्डरवरचे, म्हणजे सॅटेलाइटच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर एकत्र येणारे, दोन-तीन चॅनल एका ट्यूनरवर एकदम रेकॉर्ड होतात, म्हणून लगेच दुसरा घेऊ नका. प्रायव्हेट डीटीएचचे चॅनल एनक्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतात, ते नुसत्या कार्डावर दिसणार नाहीत.