पहिली फुल मॅरेथॉन : २६ किमीनंतर पाय संपतात, मीठ कमी पडतंय का?

नेरूळ_पहाट
जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, पहिलीच फुल (४२.२ किमी). पाच आठवडे उरलेत. वजन ६५ किलो, हाफची (२१.१ किमी) वेळ १:५८, टार्गेट ४ तास. आठवड्याला ४५ किमी, त्यात रविवारचा लाँग रन २८-३०, पाम बीच रोडवर, ५:४०-५:४५ च्या पेसने (किमीमागे लागणारी मिनिटं). २६ च्या पुढे मांड्या दगड होतात, डाव्या पोटरीत गोळा येतो, पेस सातच्या वर जातो. सोबत फक्त पाणी आणि एक लिटर ओआरएस. सॉल्टच्या गोळ्या सुरू करू का? आणि मध्ये एक ३५ चा रन बसवावा का?

येऊरचा_चढ
मिठाचं नंतर बघू, आधी आकडे. ४ तासांच्या फुलचा पेस ५:४१. तुमच्या हाफचा ५:३६. म्हणजे दुप्पट अंतर फक्त पाच सेकंद हळू धावायचा बेत आहे! रीगलच्या सूत्राने (एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याची वेळ : अंतराच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात) तुमची फुल ४:०६ ची येते, तीही मायलेज (आठवड्याचं एकूण अंतर) भरपूर असेल तर. ४५ च्या आठवड्यावर ४:१५ ते ४:२० धरा, पेस ६:०३ ते ६:१०.

दुसरं, तुम्ही दर रविवारी रेसच धावताय. लाँग रन ६:४५ ते ७:०० ने करा, पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वेग जास्त असला की ग्लायकोजन (स्नायूंत साठवलेली साखर) लवकर संपतं, मग मांड्या दगड होणारच. गोळा बहुतेक वेळा दमलेल्या स्नायूत येतो. नुसतं मीठच कमी असतं तर तो एकट्या डाव्या पोटरीवर का रुसला असता?

३५ अजिबात नको. रेसच्या तीन आठवडे आधी शेवटचा मोठा रन, साडेतीन तास झाले की थांबायचं, घड्याळात ३० असोत की ३१. आठवड्याच्या मध्यात एक १४-१५ चा रन टाका, सध्या सगळा भार रविवारवर आहे. शेवटच्या मोठ्या रननंतरच्या आठवड्यांत एकूण साधारण ३५ किमी, मग २७, आणि रेसच्या आठवड्यात रेस सोडून १५. अंतर उतरवा, वेग पूर्ण सोडू नका : दर आठवड्याला ३-४ किमी रेस पेसने राहू द्या, नाहीतर पाय जड होतात.

लिंबू_सरबत
ओआरएस हे इंधन नाही. लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम, आणि अडीच-तीन तासांच्या पुढच्या धावण्यात तासाला ४५-६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) लागतात. म्हणजे तुम्ही जवळजवळ उपाशी पळताय.

जेलमध्ये (पळताना पाकिटातून घ्यायचा घट्ट साखरपाक) साधारण २०-२५ ग्रॅम कार्ब असतात, पाकीट वाचा. पहिलं ३०-३५ मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाला. दमल्यावर घेतलेलं जेल उशिराच पोचतं. सोबत १००-१५० मिली साधं पाणी, एनर्जी ड्रिंक नको. साखरेवर साखर गेली की पोट ढवळतं. खर्च नको असेल तर ५०० मिली पाण्यात ३० ग्रॅम साखर, पाव चमच्याहून किंचित कमी मीठ, अर्धं लिंबू. जे रेसला घेणार तेच उरलेल्या लाँग रनला घ्या, आतड्यांनाही सराव लागतो.

पाणी किती? एक तास धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन करा. घटलेला किलो म्हणजे लिटरभर घाम, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. त्यातलं सगळं भरून काढायची गरज नाही. वजन वाढलं असेल तर मात्र जास्त प्यायलात. रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ, डोकेदुखी, बोटांना सूज येते, आणि हे तहानेपेक्षा धोक्याचं.

पारसिक_टेकडी
डाव्या पोटरीबद्दल : रस्ता कडेला उतरता असतो. जाताना एका बाजूची डावी कड, येताना समोरच्या बाजूचीही डावीच, म्हणजे डावा पाय कायम खाली. त्याच कडेने परत या. येणाऱ्या गाड्याही समोर दिसतात. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हवंच, पाम बीचवर पहाटे लोक गाड्या कशा हाणतात ते सांगायला नको.

शिवाय पाम बीच सपाट, आणि रेसमध्ये परतीच्या वाटेवर, तिशी ओलांडल्यावर, पेडर रोडचा चढ लागतो. बुधवारी बेलापूरच्या पारसिक हिलवर दोन मिनिटांचे ४-५ चढ, उतरताना सावकाश. रेसच्या दहा-बारा दिवस आधी बंद. ठाणेकरांना येऊर आहे, पण उजाडल्यावरच, बिबट्यांचा इलाका आहे.

नेरूळ_पहाट
पेस ६:१० ठरवला. शेवटचे दोन दिवस खायचं काय? आणि आधीच वेदनाशामक गोळी घेतली तर चालते?

लिंबू_सरबत
किलोमागे ८ ग्रॅम कार्ब, म्हणजे दिवसाला ५२० च्या आसपास. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ७८ येतात, म्हणजे तीन-साडेतीनशे ग्रॅम तांदूळ, बाकी पोहे, केळी, गुळाचं पाणी. उसळ, पालेभाजी, कोशिंबीर दोन दिवस बंद. काटा किलोभर वर जाईल, ते ग्लायकोजनसोबत धरलेलं पाणी आहे. सुरुवात पहाटे पाचची, म्हणून अडीचला ब्रेड-जॅम आणि केळं. पहाटेच्या विशेष लोकलची वेळ आधी बघून ठेवा.

आयबुप्रोफेन वगैरे रेसआधी नाही. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.