खडीच्या खाणीतली वरची माती: ढीग आतून काळा पडलाय

प्रश्न: खडी काढायच्या आधी वरची माती खरवडून एका बाजूला ढीग मारला होता. पाच मीटर उंच. आता खाणीचा एक कोपरा संपलाय, तिथे माती पसरायची आहे. काल ढीग फोडला तर आत निळसर-काळी, सडक्या अंड्यासारखा वास. गांडूळ एकही नाही. जीव तुटला. ही माती गेली का?

उत्तर: गेली नाही, गुदमरलीय. उंच ढिगात हवा पोचत नाही. पातळ पसरून वाळू द्या, वास जाईल. गांडुळं आणि मुळांवरची उपयोगी बुरशी परतायला मात्र काही वर्षं लागतात. पुढच्या वेळी ढीग दोनेक मीटरच ठेवा, त्यावर गवत आणि द्विदल पेरा, वरून गाड्या फिरवू नका. वरची माती आणि खालची माती वेगळीच ठेवा, ही मिसळली की परत निवडता येत नाही!

उत्तर: ओली असताना हात लावू नका, कळकळीने सांगतो. चिमूटभर माती तळव्यावर वळा. ३ मिलिमीटर जाडीची वळी न तुटता झाली, तर पोकलेन बंद. आम्ही घाई केली, माती विटेसारखी बसली. पसरण्याआधी खाणीचा तळ रिपरने (यंत्राला लावायचा, जमीन फोडणारा लोखंडी दात) खोल फोडा, नाहीतर पाणी तुंबतं.

प्रश्नकर्ता: वळी करून पाहिली, तुटली नाही. थांबतो. पुढच्या पट्ट्याची माती खरवडली की ढीग न मारता थेट संपलेल्या कोपऱ्यात टाकली तर?

उत्तर: तेच सर्वांत उत्तम. बिया, मुळं, किडेमुंग्या जिवंत जातात.