छाटणीपासूनच्या दिवसांवर दोन हंगामांची तुलना: वीवेक्समध्ये कशी बसवायची?

द्राक्षबाग_तासगाव:
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बागेच्या कडेला हवामान केंद्र बसवलंय आणि घरात रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वीवेक्स हे हवामान नोंदवणारं सॉफ्टवेअर चालतं. दर पाच मिनिटांना नोंद पडते, दोन हंगामांची माहिती जमली आहे. आता तिचा खरा उपयोग करून घ्यायचाय.

अडचण अशी की त्याचं वेबपान दाखवतं आज, हा महिना, हे वर्ष. गेल्या साली फळछाटणी सप्टेंबरअखेर घेतली. यंदा पाऊस हटेना, म्हणून ऑक्टोबरचा मध्य उजाडला. मग १० नोव्हेंबरला १० नोव्हेंबर लावून काय कळणार? तेव्हा बाग फुलोऱ्यात होती, यंदा त्याच तारखेला दोड्यात, म्हणजे फुलोऱ्याच्या आधी. वडिलांच्या डायरीत तारीख कोपऱ्यात बारीक असते, ठळक लिहिलेलं असतं ते ‘छाटणीपासून ३८, दव भारी, खालची पानं नऊपर्यंत ओली’. मशीनचे आकडेही याच हिशेबात बसले पाहिजेत. केवडा (डाउनी) रोगाची फवारणी आम्ही त्यावर ठरवतो.

दुसरं, माझा रोजचा पाऊस महसूल मंडळाच्या आकड्याशी जुळत नाही. महिन्याची बेरीज जवळपास येते, दिवसाचा ताळा बसत नाही. फळपीक विम्याला मंडळाचंच केंद्र धरतात, त्यामुळे हे मला नीट समजून घ्यायचंय.

कराडकर:
पहिल्या प्रश्नाचा सोपा भाग सांगतो. वेबपानाच्या टेम्प्लेटमध्ये ‘इतके दिवस आधी’, ‘इतके महिने आधी’ असं मागता येतं. महिन्याला १२ महिने आधीचा आकडा घेतला की गेल्या वर्षीचा तोच महिना शेजारी येतो. पावसाचं वर्षही सेटिंगमध्ये मूळचं जानेवारीपासून असतं, तिथे ६ टाका, म्हणजे जूनपासून बेरीज होईल. पण तुम्हाला छाटणीपासून हवंय, त्याला हे पुरणार नाही.

वारणाकाठ:
दादा, छाटणीचा दिवस शून्य धरायचा तुमचा विचार अगदी बरोबर आहे. बागेला कॅलेंडर कळत नाही. त्यासाठी थेट डेटाबेसमधून काढा. एसक्यूलाइटची फाइल असते, तिची प्रत घ्या आणि प्रतीवरच काम करा. छोट्या पायथन स्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख लिहा, नोंदीच्या वेळेतून ती वजा करा, आला तुमचा दिवस.

एक सांभाळा. एकक मूळ सेटिंगवर असेल तर आत पाऊस इंचात आणि तापमान फॅरनहाइटमध्ये साठलेलं असतं, पान फक्त दाखवताना बदलतं. स्क्रिप्टमध्ये तुम्हालाच बदलावं लागेल. साठवण्याचं एकक मात्र मध्येच बदलू नका.

आता पाऊस. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असतो आणि तो आकडा मोजल्याच्या तारखेला लागतो. वीवेक्सचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री. ११ तारखेला संध्याकाळी पडलेला परतीचा पाऊस तुमच्याकडे ११ ला, तिकडे १२ ला. डेटाबेसमधली वेळ जागतिक वेळेच्या सेकंदांत असते आणि आपले साडेआठ म्हणजे तिथले बरोबर ३. म्हणून नोंदीच्या वेळेतून १०८०१ वजा करा, ८६४०० ने भागून पूर्णांक घ्या, दिवसांचे गट पडतात. निघेल ती गट सुरू झाल्याची तारीख, तीत एक दिवस मिळवा. १०८०० ऐवजी १०८०१ अशासाठी की वीवेक्स प्रत्येक नोंदीवर पाच मिनिटं संपल्याची वेळ टाकतं. साडेआठची नोंद आधीच्या दिवसाची आहे.

द्राक्षबाग_तासगाव:
वा, हे कुणी सांगितलंच नव्हतं! रात्री लावून बघितलं. पावसाच्या दिवसांचा ताळा बसला, चार-दोन मिलिमीटर इकडेतिकडे, ते अंतरामुळे असणारच. पानांच्या ओलाव्याचं काय करू? वेगळा सेन्सर नाही.

वारणाकाठ:
आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त असलेल्या नोंदी मोजा आणि १२ ने भागा, म्हणजे तास मिळतील. हा अंदाज आहे, पण दोन हंगाम एकाच मापाने मोजायला चालतो. इथे दिवस दुपारी बारा ते बारा धरा. मध्यरात्री तोडला तर एकच दवाची रात्र दोन दिवसांत विभागते आणि सलग नऊ-दहा तासांचा ओलावा दिसतच नाही.

शिवाय उष्णतेची बेरीज लावा. रोजच्या सरासरी तापमानातून १० अंश वजा करून बेरीज करत जायचं. सरासरी २५ तर १५ अंश-दिवस. ही सोय वीवेक्समध्ये आहेच, पाया मुळातच ५० फॅरनहाइट म्हणजे १० अंश सेल्सिअस ठेवलेला आहे. छाटणी उशिरा गेली की पुढचे दिवस थंडीत सापडतात, ते या बेरजेत चटकन दिसतं.

आटपाडीचा_माणदेशी:
एवढं सगळं कराल, पण दोन्ही हंगाम सेन्सर एकाच जागी होता का? स्लॅबवरचं तापमान आणि बागेतलं तापमान यांची तुलना कुठलीच स्क्रिप्ट करून देणार नाही. पर्जन्यमापकाचं नरसाळंही उघडून बघा, आमच्यात कोळी जाळं करतो आणि पाऊस कमी भरतो.

द्राक्षबाग_तासगाव:
सेन्सर पहिल्यापासून त्याच खांबावर आहे भाऊ. नरसाळं आज साफ केलं. बेरीज लावली: ४० व्या दिवशी यंदा गेल्या सालापेक्षा अंश-दिवस कमी आहेत आणि ओलाव्याचे तास जास्त. वडिलांना दाखवलं, त्यांनी डायरी काढली आणि दवाच्या रात्री एकेक करून पडताळल्या. आता दुसऱ्या प्लॉटची छाटणीची तारीख टाकतोय.