नव्या सार्वजनिक सभागृहाची गच्ची गळली, तर पदर कोणी खोचायचा?

कोबाकर: पुण्यात पहिल्या दोन सरींतच नव्या सभागृहाचं छत ठिबकायला लागतं आणि लगेच दुरुस्तीची निविदा निघते. का? दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष ठेकेदारानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची करारातली मुदत, चालू असेल तर निविदा काढायचीच नाही. ठेकेदाराला लेखी नोटीस द्या, करारातली मुदत द्या. टाळाटाळ केली तर दुसऱ्याकडून करून घ्या आणि खर्च त्याने खात्याकडे ठेवलेल्या अनामतीतून वळता करा.

मोजमाप: आधी दोष कोणाचा ते ठरवा. कोब्याला, म्हणजे गच्चीवरच्या जलरोधक थराला, १०० ला १ उतार नाही, कठड्याच्या कडेला वाटा (कोबा आणि कठडा यांच्या सांध्यावरची गोलाई) नीट मारलेला नाही, तर ठेकेदार. पण खात्यानेच नंतर सोलरचे पाय बोल्टने कोब्यात ठोकायला लावले, तर? आणि पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी पिंपळाची पानं तुंबली, ती काढायला ठेकेदार येणार का? ती देखभाल झाली.

कोबाकर: बोल्टचं मान्य. पानांचं नाही. जलरोधनाची चाचणीच मुळी पाणी कोंडून होते: तोंडं बंद करायची, ४८ तास पाणी उभं ठेवायचं, खाली ओल येते का बघायचं. साचलेलं पाणी झेपत नसेल तर ती चाचणी कागदावरच झालीय.

मोजमाप: पाणी वाट्याच्या वर चढेपर्यंतच ही हमी. त्याच्यावर गेलं की कठड्याच्या गिलाव्यातून आत शिरतं. चाचणीत इतकं पाणी कोणी भरत नाही.

सळईवाले: गच्चीवरून जरा खाली उतरा. स्लॅबच्या सळईखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे) न लावता खडीचे तुकडे सरकवले की सळई शटरला, म्हणजे खालच्या साच्याला, टेकते. ती गंजून फुगते, पोपडे पडतात, पण हे दिसतं बऱ्याच वर्षांनी, अनामत परत गेल्यावर. रेरा कायद्यातली दोष दुरुस्तीची ५ वर्षं फ्लॅट घेणाऱ्यांसाठी, सरकारी ठेक्याला ती लागू नाहीत. मग जबाबदारी स्लॅब ओतण्याआधी सळई तपासून सही करणाऱ्या अभियंत्याचीही धरा. आणि पोपड्यावर नुसता गिलावा थापू नका. सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडा, गंज घासा, गंजरोधक लावा, मग पॉलिमर मॉर्टर. सळई झिजली असेल तर जोडीला नवी बांधा.

मोजमाप: सह्या करणाऱ्याची बदली झालेली असते, वसुली कोणाकडून करणार?

कोबाकर: म्हणून तर म्हणतो, दोषदायित्व कालावधीतला शेवटचा पावसाळा संपला की खातं आणि ठेकेदार दोघांनी मिळून पाहणी करा, ओलीचे फोटो तारखेसह पंचनाम्याला जोडा आणि त्याशिवाय अनामत परत करायच्या बिलावर सही करू नका.